साहेबांपर्यंत न गेलेल्या गोष्टी : पोलिसांनी पोलिसांना दिलेला आधार (अनुभव धागा)

माळवद
काल सकाळी निघालेली पुण्याची विसर्जन मिरवणूक आज सकाळी सात वाजताही लक्ष्मी रस्त्यावरून सरकत होती. मुलाच्या गॅलरीतून खाली पाहिले, तर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेल्या तरुण शिपायाचा सुजलेल्या पायातून न निघणारा बूट एक वयस्क हवालदार गुडघा टेकून काढत होते आणि त्या मुलाची टोपी त्यांनी स्वतःच्या काखेत धरली होती. ते पाहून मला आमचे अण्णा आठवले.

१९९३ साली २९ सप्टेंबरचा विसर्जनाचा बंदोबस्त आटोपून आम्ही पट्टे सोडतो न सोडतो, तोच पहाटे ३.५६ वाजता किल्लारी परिसर हादरला आणि झोप न झालेल्या त्याच अवस्थेत आम्हाला गाडीत बसवण्यात आले. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. पाऊस थांबत नव्हता आणि सरणाला लाकूड पुरेना, म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया वापराव्या लागत होत्या. पहिल्याच दुपारी माझे हात चालेनासे झाले. अण्णा हवालदार होते, मी नवखा शिपाई. त्यांनी काही विचारले नाही. माझ्या हातातली पहार काढून घेतली, वही दिली आणि "तू आता फक्त नावं लिही, उचलायचं मी बघतो," एवढेच म्हणाले.

परतताना "असाच घरी जाऊ नकोस," म्हणून त्यांनी मला आधी स्वतःच्या घरी नेले. वहिनींनी माझा गणवेश परसातल्या चुलीवर कडुनिंबाचा पाला टाकून उकळला, आणि तो वाळेपर्यंत अण्णांचा लेंगा घालून बसलेल्या मी, घरी जे कधीच सांगता आले नसते, ते सगळे बोलून घेतले. पावसामुळे खाकी वाळायला दीड दिवस लागला, हे माझ्या पथ्यावरच पडले. समुपदेशन हा शब्द मी पुढे कित्येक वर्षांनी ऐकला. ज्यांना असे कोणी भेटले असेल, त्यांनी अवश्य लिहावे. माणसांची आणि ठाण्यांची नावे मात्र टाळावीत.

रात्रपाळी_४
बिनतारी संचावर कान ठेवून लिहीत आहे, त्यामुळे मध्येच थांबले तर समजून घ्यावे. आमच्या विश्रांतीच्या खोलीत दाराआड एक जुने कॅलेंडर टांगलेले आहे आणि त्यावर आम्ही सात जणींनी पेन्सिलीने उसनवारी मांडलेली असते : कोणी कोणाचा रविवार घेतला आणि कोण कोणाला किती रात्री देणे लागते. २०२१ मध्ये महिलांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा आदेश निघाला खरा, परंतु माणसे तेवढीच राहिल्याने आमच्याकडे तो बहुतेक वेळा कागदावरच असतो. कॅलेंडर मात्र चालते. बाळंतपणानंतर मी हजर झाले, तेव्हा दूध दाटून अंगात ताप भरायचा आणि पुरुष अधिकाऱ्यासमोर ते सांगायला जीभ रेटत नसे. एकीने काही न बोलता चार महिने माझ्या सगळ्या रात्री स्वतःच्या नावावर घेतल्या. ते देणे अजून फिटलेले नाही. ती मागतही नाही. फक्त चिडली की कॅलेंडरकडे बोट दाखवते.

लाइनीतली_सून
मी खात्यात नाही, परंतु पोलीस लाइनीत बारा वर्षे संसार केला आहे. शेजारच्या सहायक फौजदारांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळ्या काकू म्हणतो, त्यांना जिन्यावरच्या बुटांच्या आवाजावरून माणूस कसा परतला आहे ते कळते. ह्यांच्या ठाण्याच्या हद्दीतून महामार्ग जातो. ज्या दिवशी लहान मुलाचा अपघात असे, त्या दिवशी हे मोरीत उभे राहून पुन्हा पुन्हा हात धुवत. एकदा तसेच चालले असताना काकूंनी काकांना पाना घेऊन पाठवले : "हिचा नळ गळतोय, वायसर बदलून द्या." दोघे पुरुष तासभर मोरीत पाटावर बसून होते, काय बोलले ते मी ऐकले नाही. आमचा नळ गळत नव्हता. काकांनी तो सोडून पुन्हा बसवल्यानंतर मात्र गळू लागला आणि तो आजतागायत गळतो आहे.

खाकी_बाजूला
वरचे अनुभव खरेच आहेत, तरी एक कडू बाजू लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्याकडे आधार म्हणजे "बसणे". मरणोत्तर पंचनामा, जो तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे आणि आता बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, १९४ खाली होतो, तो करून नवा मुलगा आला की "वास डोक्यातून जात नाही, दोन घोट घे," असे वडीलधारी मंडळी मायेनेच म्हणत. त्या मुलांपैकी एक मी होतो. अकरा वर्षांनंतर, ज्यांनी मला पहिला ग्लास दिला होता, त्यांच्यापैकीच एकाने मला उपचारांना नेले आणि परतल्यावर तीन आठवडे रोज संध्याकाळी सात ते नऊ तो माझ्याबरोबर कॅरम खेळत बसला. तो फार वाईट खेळतो.

शस्त्रागार
हे कधी कोणाला सांगितलेले नाही. शस्त्रे देण्याघेण्याचे काम माझ्याकडे असताना एका संध्याकाळी एका सहकाऱ्याच्या जिवलग मित्राने येऊन हळूच सांगितले, "आज त्याला पिस्तूल देऊ नकोस." तो आल्यावर मी "तुमच्या पिस्तुलाची तपासणी बाकी आहे," असे सांगितले आणि ठाणे अंमलदारांना गळ घालून त्याला आठ दिवस बिनतारीवर बसवले. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याला समजले आहे, हे मलाही समजले. कोणत्याही रजिस्टरला खरे कारण नाही. काही विपरीत घडते, तर जबाब मी दिला असता; आणि नोंद होणार हे ठाऊक असते, तर तो मित्राजवळही बोलला नसता. या पेचाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

साधा_वाचक
@शस्त्रागार, त्या रात्री आपण केले ते योग्यच होते, परंतु नवव्या दिवशी काय? मित्र हा डॉक्टर नव्हे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तेथे मराठीतही बोलता येते आणि ती आपल्या खात्याची नाही, हे या धाग्यावर असू द्यावे.

शस्त्रागार
नेले होते. दुसऱ्या गावच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे, "दातदुखी" असे कारण लिहून. सोबत जायचे म्हणून आम्हा दोघांचेही दात त्याच दिवशी दुखले. आज तो माझ्याहून बरा आहे.

पूर्वउपनगर
मे २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा मी जवळच्याच एका ठाण्यात बारा तास करत होतो. तिकडचा माझा बॅचमेट पहिल्या महिन्यात म्हणाला, "मुलगी मला विचारते, बाबा, तुम्ही सीक आहात का?" एकमेकांना सांभाळण्याचे मोल मी नाकारत नाही, पण जागा रिकाम्या ठेवायच्या आणि मग त्या माणुसकीने भरून काढायच्या, हे किती दिवस चालायचे?

माळवद
सर्वांचे वाचले, एकेकाला स्वतंत्रपणे लिहीनच. मघाशी चहा घेऊन खाली गेलो होतो. त्या मुलाचा पाय पुन्हा बुटात जाईना, म्हणून मी माझी चप्पल दिली. गणवेशावर चप्पल साहेबांनी पाहिली तर पंचाईत, म्हणून हवालदारांनी त्याला बॅरिकेडच्या मागे उभे केले आणि स्वतः त्याच्यापुढे उभे राहिले. चप्पल अजून परत आलेली नाही. मिरवणूकही संपलेली नाही.