सनद परीक्षेवर द्यावी की उमेदवारीवर?

कागदी घोडा (धागाकर्ता)

भाचीची एलएलबीची शेवटची परीक्षा झाली. आता सनद (वकिलीचा परवाना) घेणार आणि स्वतःच्या नावानं वकीलपत्र दाखल करणार, म्हणाली. मी म्हटलं, आधी वर्ष-दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढ. त्यावरून तासभर खडाजंगी झाली. तोच वाद इथं मांडतोय.

माझं मत सरळ आहे. उमेदवारी सक्तीची हवी. पुरावा कायद्याच्या पेपरात मी कॉलेजात पहिला होतो. तरी पहिल्याच दिवाणी दाव्यात मूळ करारपत्र यादीसोबत दाखल केलं आणि समजलो, झालं काम. साक्षीदाराकडून ते शाबीत करून घेऊन त्याच्यावर निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पाडून घ्यायची असते, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण हातात कागद असताना आठवलं नाही. पुरावा संपल्याची पुरशिस (कोर्टाला लेखी निवेदन) देऊन मोकळा झालो. समोरचे वकील नुसते हसले. पुढे पुरावा पुन्हा उघडण्यासाठी अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, कॉस्ट (त्यांना द्यायचा खर्च), आणि पक्षकाराचे चार महिने पाण्यात. शेजारी एखादा सिनिअर असता तर त्यानं बाही ओढून बसवलं असतं.

आपल्याकडे पदवीनंतर बार परीक्षा आहे. शंभर बहुपर्यायी प्रश्न, समोर कायद्याच्या मूळ प्रती ठेवायची मुभा. ही परीक्षा पास होणारा निशाणी पाडून घेईल याची काय हमी? वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलनं 1995 मध्ये सनदेआधी वर्षभराचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते नियम रद्द केले. माझ्या मते तिथंच चुकलं.

उंबरठा

काडीचाही सहमत नाही.

पहिलं म्हणजे, 1999 चा निकाल 'प्रशिक्षण वाईट' असं म्हणत नाही. अॅडव्होकेट्स अॅक्टनं बार कौन्सिलला तशी अट घालण्याचा अधिकारच दिलेला नाही, असं म्हणतो. आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच घटनापीठानं तो निकाल चुकीचा ठरवला. उमेदवारी हवी असेल तर बार कौन्सिलकडे जा, न्यायालयावर खापर फोडू नका.

दुसरं, तुम्ही शिकलात ते चूक करून. सिनिअरकडून नाही.

आता माझं ऐका. घरात सात पिढ्यांत वकील नाही. उमेदवारीसाठी दहा ऑफिसांच्या पायऱ्या चढलो. नऊ ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "कुणाचे कोण तुम्ही?" दहाव्यानं ठेवून घेतलं. वर्षभर काय शिकलो? बोर्डावर नंबर बघायचा, पुकारा झाला की उभं राहून "सिनिअर दुसऱ्या कोर्टात आहेत" म्हणायचं आणि तारीख घ्यायची. एकही कैफियत (दाव्याला द्यायचं लेखी उत्तर) लिहायला दिली नाही. हातात काही पडायचं नाही, बसचे पैसे सुद्धा घरून. हे सक्तीचं करायचं म्हणताय? मग वकिली फक्त वकिलांच्याच पोरांनी करायची.

इंग्लंडनं हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला. पूर्वी सॉलिसिटर व्हायला एखाद्या फर्ममध्ये दोन वर्षांचं ट्रेनिंग काँट्रॅक्ट लागायचं. जागा मोजक्या, इच्छुक भरमसाट. सप्टेंबर 2021 पासून एसक्यूई नावाची मध्यवर्ती परीक्षा आली. पहिल्या टप्प्यात 360 बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात मुलाखत, युक्तिवाद, मसुदा असली प्रत्यक्ष कामं करून दाखवायची. अनुभव आजही दोन वर्षांचाच लागतो, पण तो चार वेगवेगळ्या ठिकाणांचा मिळून चालतो. मोफत कायदा सल्ला केंद्रातलं काम धरतात, पॅरालीगलचं (वकिलाच्या सहाय्यकाचं) कामही धरतात. एका दारावरचा एक भालदार हटवला.

कागदी घोडा

म्हणजे त्यांनीही अनुभव ठेवलाच ना! काढला का? नाही. आणि बॅरिस्टरांचं काय? त्यांना वर्षभराची पुपिलेज, म्हणजे हाताखालची उमेदवारी, करावीच लागते. पहिले सहा महिने नुसतं बघायचं, नंतरच्या सहा महिन्यांत देखरेखीखाली स्वतः उभं राहायचं. तुमचा मुद्दा पैशाचा आहे, उमेदवारीचा नाही. पुपिलला किमान मानधन देणं तिथं 2003 पासून बंधनकारक आहे. तसं करा.

उंबरठा

हो, आणि म्हणूनच पुपिलेजच्या जागा अर्जांच्या मानानं चिमूटभर. पैसे द्यायला लावले की दार आणखी अरुंद होतं. डब्लिनला जाऊन बघा. तिथं नव्या बॅरिस्टरला वर्षभर सिनिअरकडे राबावं लागतं आणि परंपरेनं ते बिनपगारी. त्या उमेदवाराला काय म्हणतात माहितेय? डेव्हिल. सैतान! नाव तरी प्रामाणिक आहे.

साधा पक्षकार

मी वकील नाही, कोर्टाची पायरी मात्र चढलेलो आहे, त्यामुळे एक अडाणी प्रश्न. सॉलिसिटर, बॅरिस्टर, अॅडव्होकेट, अॅटर्नी ही सगळी एकाच माणसाची नावं की वेगवेगळी माणसं? आणि मला काम असेल तर कुणाकडे जायचं?

तिरकी मात्रा

@साधा पक्षकार, देशावर अवलंबून. इंग्लंडमध्ये पक्षकार सहसा आधी सॉलिसिटरकडे जातो. तो कागद सांभाळतो, सल्ला देतो, खटला उभा करतो, आणि न्यायालयात बोलायला बॅरिस्टर नेमतो. भिंत आता बरीच ढासळली आहे, जादा पात्रता मिळवलेले सॉलिसिटरही वरच्या न्यायालयांत उभे राहतात. अमेरिकेत असा भेद नाही, अॅटर्नी एकच. भारतात 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनंतर सगळे अॅडव्होकेट. त्याआधी वकील, प्लीडर, मुखत्यार, अॅटर्नी, बॅरिस्टर अशी उतरंड होती. आपण अजून जुन्या पुढाऱ्यांच्या नावाआधी 'बॅरिस्टर' लावतो ते त्याच काळाचं शेपूट. अर्थात भिंत पाडली तरी कोनाडे राहतातच. सर्वोच्च न्यायालयात वकीलपत्र दाखल करायचं तर अॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्डच (एओआर) लागतो. चार वर्षांची वकिली, मग वर्षभर एखाद्या अनुभवी एओआरकडे प्रशिक्षण, मग वेगळी परीक्षा.

जपानची तऱ्हा आणखी निराळी. बेंगोशी म्हणजे पूर्ण वकील, पण नोंदणीचे कागद शिहो-शोशी करतो, सरकारी परवान्याचे अर्ज ग्योसेई-शोशी, पेटंटला बेनरिशी, कराला झेईरिशी. प्रत्येकाची परीक्षा स्वतंत्र. शिहो-शोशीला जादा पात्रता मिळवून कनिष्ठ न्यायालयात 14 लाख येनपर्यंतच्या दाव्यात उभंही राहता येतं.

आता मूळ वादावर. तुम्ही दोघंही 'कॉलेज अधिक उमेदवारी' की 'कॉलेज अधिक परीक्षा' एवढ्यावरच भांडताय. कॉलेजच वगळलं तर? अमेरिकेत कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया, व्हरमाँट, वॉशिंग्टन या राज्यांत लॉ स्कूलमध्ये न जाता वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या हाताखाली काही वर्षं शिकून बार परीक्षेला बसता येतं. नाझी नेत्यांवरच्या न्युरेंबर्ग खटल्यात अमेरिकेची बाजू मांडणारे रॉबर्ट जॅक्सन त्याच वाटेनं आले. लॉ स्कूलमध्ये जेमतेम एक वर्ष, कायद्याची पदवी नाहीच. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. आणि उलट टोक बघायचं तर विस्कॉन्सिन. तिथल्याच दोन लॉ स्कूलमधून पदवी घेतली की बार परीक्षा माफ!

उंबरठा

एका जॅक्सनवर नियम बनत नाहीत. त्याला शिकवणारा भला निघाला. माझा दहावा सिनिअर निघाला असता तर जॅक्सन आयुष्यभर तारखाच घेत बसला असता.

राइनकाठी

जर्मनीत राहतो, बायको तिथली वकील. म्हणून थोडं आतलं सांगतो.

इथं उमेदवारी आहे आणि सक्तीची आहे, पण कुणाच्या मर्जीवर नाही. विद्यापीठानंतर पहिली राज्य परीक्षा. ती झाली की दोन वर्षांचं रेफरेंडारियाट. यात सरकार मासिक भत्ता देतं आणि तुम्हाला फिरवतं. काही महिने दिवाणी न्यायाधीशाकडे निकालपत्राचे मसुदे लिहायचे, मग सरकारी वकिलाकडे, मग प्रशासनात, मग किमान नऊ महिने वकिलाच्या ऑफिसात, शेवटी आवडीची जागा. मग दुसरी राज्य परीक्षा. ती पास झालात की वकील, न्यायाधीश, सरकारी वकील, तिन्हींची पात्रता एकदमच. कायद्यातला शब्दच आहे 'न्यायाधीशपदाची पात्रता', आणि वकिलाला तीच लागते.

बायको सांगते, न्यायाधीशाकडचे ते महिने सगळ्यांत उपयोगी. दोन्ही बाजूंची निवेदनं टेबलावर पडलेली, आणि आपण ठरवायचं की यात वादाचं नेमकं काय आहे. वकिलांनी लिहिलेल्या चाळीस पानांतली कामाची अडीचच असतात, हे तिथं कळतं. तेव्हापासून ती स्वतः सहा पानांवर जात नाही.

पण गोडवे गात नाही. गुण 0 ते 18 या पट्टीवर, 4 ला पास, आणि 9 मिळाले तरी लोक वाकून बघतात. न्यायाधीश व्हायचं तर गुण हवेतच. परीक्षेची संधी साधारण दोनदा. दुसऱ्यांदा आपटलात तर इतक्या वर्षांच्या अभ्यासाचं लोणचं घाला. म्हणजे उमेदवारी आली म्हणून परीक्षेची दहशत गेली असं काही नाही.

साधा पक्षकार

म्हणजे न्यायाधीशाच्या खुर्चीमागे बसून शिकलेला वकील. मला असा एक मिळाला तर बरं होईल. माझ्या दाव्यातल्या अर्जाची पानं मोजायची हिंमत झालेली नाही.

कागदी घोडा

@राइनकाठी, हेच म्हणतोय मी! पण तुमच्याकडे सरकार भत्ता देतं. आपल्याकडे दरवर्षी जेवढे पदवीधर बाहेर पडतात, तेवढ्यांना न्यायाधीशांच्या शेजारी बसवायला न्यायाधीश तरी आहेत का? म्हणून आपल्याला वकिलांच्याच ऑफिसांवर भागवावं लागेल.

आणि मे 2025 मधला निकाल विसरू नका. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर तीन वर्षांची वकिली हवी, ही अट सर्वोच्च न्यायालयानं परत आणली. 2002 मध्ये ती काढली होती. नव्या पोरांना थेट खुर्चीत बसवून बघितलं आणि जमलं नाही, असाच त्याचा अर्थ. जो निवाडा करणार त्याला अनुभव हवा, आणि जो पक्षकाराचं घर वाचवणार त्याला नको?

उंबरठा

त्या अटीत 'वकिली' म्हटलंय, 'कुणाच्या तरी हाताखाली' म्हटलेलं नाही. स्वतःची प्रॅक्टिस करूनही तीन वर्षं होतात. अर्थात दाखला कोर्टाच्या प्रमुख न्यायाधीशाचा किंवा दहा वर्षं जुन्या वकिलाचा लागतो, म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहणं आलंच.

जपाननं काय केलं तेही सांगा की. परीक्षा पास झालेल्यांना वर्षभर सरकारी प्रशिक्षण. आधी त्यासाठी पगार मिळायचा, 2011 मध्ये तो बंद करून कर्ज दिलं. शिका आणि फेडत बसा! ओरड झाली तेव्हा 2017 मध्ये भत्ता पुन्हा सुरू केला. सरकारी उमेदवारीसुद्धा तिजोरीच्या लहरीवर चालते.

तिरकी मात्रा

सक्ती कडक केली की पळवाट निघतेच, तीही ऐका. इटलीत वकील व्हायला उमेदवारी आणि अवघड परीक्षा. स्पेनमध्ये 2011 पर्यंत कायद्याची पदवी असली की थेट नोंदणी. मग इटालियन पदवीधर काय करायचे? पदवीला स्पेनची मान्यता घ्यायची, 'अबोगादो' (स्पॅनिशमध्ये वकील) म्हणून तिथं नोंद करायची आणि युरोपीय नियमाचा आधार घेऊन त्याच नावानं इटलीत परत. कधी कधी मधला मुक्काम काही महिन्यांचाच. इटलीतल्या वकील संघटनांनी आरडाओरडा केला. 2014 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं, हा गैरवापर नाही.

अवांतर: पात्रता आणि तयारी यांत किती अंतर असतं त्याचं उदाहरण घरचंच आहे. लंडनच्या इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेत ठरलेल्या सत्रांची जेवणं (हजेरी त्यावरच धरत) आणि परीक्षा उरकून 1891 मध्ये गांधीजी बॅरिस्टर झाले. पुपिलेजची सक्ती तेव्हा नव्हती. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि काम दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगितलं.

कागदी घोडा

धन्यवाद. माझी बाजू तुम्हीच मांडलीत.

तिरकी मात्रा

मांडली नाही. ते पुढे वकील झाले ते दक्षिण आफ्रिकेत, एका व्यापाऱ्याच्या खटल्याच्या हिशेबाच्या वह्या उपसून. कुणी सक्तीनं बसवलं नव्हतं तिथं.

उंबरठा

@कागदी घोडा, एकच विचारतो, टाळू नका. भाचीला दोन वर्षं हाताखाली काढायला सांगितलंत. कुणाच्या? तुमच्याच ना? आणि महिन्याला काय देणार आहात?

कागदी घोडा

माझ्याच. सोमवारपासून येतेय.

मानधनाचं खरं सांगायचं तर ठरवलं नव्हतं. घरचीच पोर म्हणून डोक्यातच आलं नाही. काल रात्री हा धागा तिनं वाचला (कुणी लिंक पाठवली देव जाणे) आणि सकाळी मेसेज आला, "मामा, उंबरठा विचारतायत त्याचं काय?" आकडा कळवलाय. इथं लिहीत नाही. तिनं अजून हो म्हटलेलं नाही.