मधाच्या वाइनला यीस्टचा वास येतोय, काय करू?

मंडळी, मदत हवी आहे. मी इंग्लंडमध्ये राहतो. स्वतःपुरती बिअर-वाइन घरी करायला इथे परवाना लागत नाही, म्हणून मीड, म्हणजे मधाची वाइन, करून पाहतोय. सव्वा किलो मध, पाणी घालून साधारण साडेचार लिटर, आणि पावाचं ड्राय यीस्ट. बुडबुडे थांबलेत, गोडवा बऱ्यापैकी उतरलाय, पण नाकाशी नेलं की थेट बेकरी! चवीलाही शेवटी कच्च्या पिठासारखं काहीतरी रेंगाळतं.

पावाचं यीस्ट तळाशी घट्ट बसत नाही आणि मेलेल्या यीस्टच्या गाळावर वाइन फार राहिली की ती चव उतरते, एवढं वाचलंय. त्यामुळे सायफनने वरचं दुसऱ्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवणार आहे. नंतर बेंटोनाइट (वाइन नितळ करायची माती) घालावं का? की नुसतं काही महिने मुरू दिलं तरी वास जातो? मधाचा सुगंध उडायला नको, तो आधीच नाजूक.

पुढच्या खेपेला लालव्हिन ७१बी हे वाइनचं यीस्ट घ्यायचा विचार आहे. मधात नायट्रोजन कमी असतो, तर यीस्टचं खाद्य एकदम घालता की थोडंथोडं? खोलीचं तापमान किती ठेवता? केलेल्यांनीच सांगा, 'दालचिनी टाक, वास झाकला जाईल' हे सल्ले घरातूनच भरपूर मिळालेत.