आधी तुकडे मांडू द्या, सूत्र नंतर
एका ताईंनी विचारलं की लेकरांना क्षेत्रफळ शिकवताना लांबी गुणिले रुंदी हे सूत्र सरळ पाठ करून घेतलं तर काय बिघडतं. बिघडतं ना ताई, आमच्या गावच्या शाळेत मी पाहिलंय. पोट्ट्यांना सूत्र येते पण कोणतं वावर मोठं ते सांगता येत नाही. मी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे सारखे चौकोनी तुकडे कापले आणि जमिनीवर खडूने दोन आकार काढले, एक 6 बाय 2 अन् एक 4 बाय 4, बहुतेक लेकरं म्हणाली लांबोळा मोठा. मग तुकडे मांडले तर लांबोळ्यात 12च मावले अन् चौकोनात 16! सुतळी फिरवून पाहिली तर धुरा, म्हणजे कडेकडेची लांबी (परिमिती), दोघांचाही 16च, तिथे जे डोळे मोठे झाले ना ते सूत्राने कधीच होत नाहीत.

फक्त फट राहू देऊ नका, तुकड्यावर तुकडा चढू देऊ नका. बाटलीची झाकणं तर नकोच, गोल असल्याने मधी जागा सुटतेच. आणि दोन्ही आकारांना एकाच मापाचे तुकडे पाहिजेत, नाहीतर नुसते आकडे मोजून लेकरू फसते.

पुढे गुंठा घ्या, 33 फूट बाय 33 फूट, असे 40 तुकडे म्हणजे एक एकर, हे घरी सगळ्यांच्या तोंडी असतेच.