सर्व्हर रूममध्ये चार एसी १८ वर, तरी वरचे सर्व्हर तापतात. नवीन पीएसी (प्रिसिजन एसी, सर्व्हर रूमसाठी बनवलेले खास एसी) घ्यायचे का?

सोलापूर_सिस्टिमवाला:

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात मी आयटी सांभाळतो. सर्व्हर रूम तिसऱ्या मजल्यावर आहे, वर थेट गच्ची. खोली ५ बाय ४ मीटर, उंची ३. चार रॅक (सर्व्हर ठेवायची कपाटं), दोन-दोनच्या दोन रांगा, सगळ्यांची तोंडं दाराकडे. यूपीएसवर सर्व्हरचा लोड ११ किलोवॉट दिसतो. दोन टनांचे चार स्प्लिट एसी चोवीस तास १८ वर चालतात. खोलीला वेगळा सबमीटर आहे, त्यावर सरासरी २२ किलोवॉट निघतं.

आत शिरलं की हुडहुडी भरते. भिंतीवरचा थर्मामीटर १९ दाखवतो. आणि तरी मागच्या रांगेतले वरचे दोन सर्व्हर इनलेट (आत ओढलेल्या हवेचं तापमान) ३४ झाल्याचा अलर्ट पाठवत राहतात. मे महिन्यात त्यातला एक रात्री आपोआप बंद पडला, सकाळी काउंटर उशिरा उघडलं आणि सभासदांची बोलणी खावी लागली. आता पाऊस लागल्यापासून एसीच्या नळ्यांखालच्या बादल्या सारख्या भरतात, शिपाईमामा त्या उचलून वैतागले आहेत.

व्हेंडर दोन प्रिसिजन एसी घ्या म्हणतो, कोटेशन वीस लाखांच्या आसपास. एका ओळखीच्या इंजिनिअरचं म्हणणं, आपल्याकडची हवा कोरडी, मोठा डक्ट कूलर (पाण्यावर चालणारा कूलर) बसवा, अमेरिकेत मोठ्या कंपन्या तेच करतात. चेअरमनसाहेब म्हणतात १८ चं १६ करा. पैसा ठेवीदारांचा आहे, चुकीच्या ठिकाणी घालायचा नाही. जाणकारांनी सांगावं.

ऐरोली_कूलिंग:

कोटेशनवर लगेच सही करू नका. तुमच्याकडे गारवा भरपूर आहे, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली आहे.

मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून या कामात आलो. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत चिलरपासून रॅकपर्यंत सगळं हाताखालून गेलं आहे. लहान सर्व्हर रूमची जी दुखणी माझ्यापर्यंत येतात त्यातली बहुतेक हवेच्या वाटेची असतात, आणि उपाय म्हणून माणसं मशीन विकत घेतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्व्हरला भिंतीवरचा थर्मामीटर दिसत नाही. त्याला फक्त स्वतःच्या तोंडाशी येणारी हवा कळते. अ‍ॅशरेच्या (एसी-रेफ्रिजरेशन इंजिनिअरांची अमेरिकी संस्था) शिफारशीत जे १८ ते २७ अंश लिहिलेत ते याच जागेसाठी, सर्व्हरच्या इनलेटसाठी. २००४ साली ती शिफारस २० ते २५ होती, २००८ मध्ये ती रुंद केली, कारण यंत्रं तेवढं सोसतात हे तोवर नीट कळलं होतं. म्हणजे तुमचा खालचा सर्व्हर विनाकारण १८ ची हवा खातोय आणि वरचा ३४ ची. सरासरी काढली तर झकास दिसेल, आणि त्या सरासरीला काही अर्थ नाही.

आता ३४ कुठून आली ते बघा. तुमच्या दोन्ही रांगांची तोंडं एकाच दिशेला. पुढच्या रांगेने पाठीमागून सोडलेली गरम हवा मागची रांग तोंडाने ओढते. एक किलोवॉटचा सर्व्हर हवा साधारण ११ अंशांनी तापवून सोडत असेल तर त्याला तासाला २७० घनमीटर हवा लागते. तुमच्या ११ किलोवॉटला तीन हजार घनमीटर. एवढी हवा एसीकडून थेट तोंडाशी आली नाही, तर सर्व्हरचे पंखे गप्प बसत नाहीत, मिळेल तिथून ओढतात: रॅकच्या माथ्यावरून, बाजूच्या फटीतून, मधल्या रिकाम्या खणांतून, स्वतःचीच पाठीमागची हवा. वरच्या सर्व्हरना हे पहिल्यांदा भोवतं, कारण गरम हवा वर साचते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा आणि रॅकच्या तोंडाशी धरून वरपासून खालपर्यंत न्या. जिथे सर्व्हर आहे तिथे पट्टी आत ओढली गेली पाहिजे. रिकाम्या खणासमोर ती बाहेर, तुमच्याकडे फडफडली, तर मागची गरम हवा तिथून पुढे येतेय. उदबत्ती लावू नका, स्मोक डिटेक्टर वाजेल.

दोन गोष्टी सांगा. रॅकना पुढून काचेचे दरवाजे आहेत का? आणि रिकाम्या खणांना ब्लँकिंग पॅनल, म्हणजे खण बंद करणारी झाकणं, आहेत का?

बादल्यांचंही सांगतो, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. सर्व्हर घाम गाळत नाही. नळीतून पडणारं सगळं पाणी दारा-खिडक्यांच्या फटीतून आलेल्या पावसाळी हवेतलं आहे. एक लिटर पाणी हवेतून काढायला सुमारे ०.६८ युनिट एवढा गारवा खर्च होतो. दहा लिटरची एक बादली म्हणजे जवळजवळ सात युनिट गारवा, त्यासाठी दोन-सव्वादोन युनिट वीज, आणि सर्व्हर एका अंशानेही थंड झालेला नाही. १८ वर कॉइल खूप गार राहते म्हणून पाणी जास्त. १६ केलंत तर बादल्या वाढतील, ३४ तशीच राहील. चेअरमनसाहेबांना हे बादली दाखवूनच समजवा.

सोलापूर_सिस्टिमवाला:

दादा, चारही रॅकना काचेचे दरवाजे आहेत, कुलूपबंद, ऑडिटवाल्यांसाठी. ब्लँकिंग पॅनल एकही नाही. पट्टी धरून पाहिली, मागच्या रॅकमध्ये अर्ध्याहून जास्त उंचीत ती बाहेर फडफडते.

पण दोन शंका आहेत. तापमान वाढवलं आणि वीज गेली तर? डीजी (डिझेल जनरेटर) सुरू होईपर्यंत एसी बंद असतात, साहेबांचं म्हणणं म्हणून १८ चा साठा हवा. आणि यूपीएसच्या बॅटऱ्या याच खोलीत आहेत.

ऐरोली_कूलिंग:

काचेचे दरवाजे आजच काढा. कुलूप हवं असेल तर जाळीचे दरवाजे मिळतात, साठ टक्क्यांहून जास्त मोकळे. ऑडिटला कुलूप चालतं, काचच हवी असा नियम मी कुठे पाहिलेला नाही.

साठ्याचा हिशेब करू. खोलीत ६० घनमीटर हवा, म्हणजे साधारण ७२ किलो. ती १८ वरून २६ वर जायला ११ किलोवॉटला लागतात ५२ सेकंद. भिंती आणि रॅकचं लोखंड थोडी उष्णता पितात, म्हणून प्रत्यक्षात जास्त वेळ मिळतो, पण तो मिळवून देणारी हवा नव्हे. या मिनिटभरासाठी तुम्ही वर्षभर बिल भरताय. खरा धोका वेगळा आहे. वीज आल्यावर स्प्लिट एसी आपोआप सुरू होतो का, ते तपासा. काही मॉडेलमध्ये ऑटो रीस्टार्ट बंद ठेवलेलं असतं, आणि कॉम्प्रेसर तसाही सुमारे तीन मिनिटं थांबून चालू होतो. रात्री डीजी लागला, सर्व्हर चालूच राहिले, एसी मात्र रिमोटची वाट बघत बसले, असं झालं तर पहाटेपर्यंत खोलीची भट्टी होते. मेमधल्या त्या रात्री वीज गेली होती का, लॉगमध्ये बघा.

बॅटऱ्यांची शंका अगदी बरोबर आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला २५ अंश मानवतं, त्यावर आठ-दहा अंश वाढले की आयुष्य निम्म्यावर येतं. त्यांना पार्टिशन घालून वेगळं करा आणि एक लहान एसी त्यांच्याकडे द्या. जमत नसेल तर त्या थंड हवेच्या बाजूला ठेवा, सर्व्हरच्या पाठीमागे कधीच नाही.

आता कामाचा क्रम. आधी ब्लँकिंग. प्लॅस्टिकची दाबून बसणारी पॅनल मिळतात, नाहीतर जीआय पत्रा कापून घ्या, पण कापणं आणि कानस मारणं खोलीबाहेर करा, लोखंडाचा कीस सर्व्हरमध्ये जायला नको. पुठ्ठा लावू नका, आगीचा धोका आहे. मग एखाद्या रविवारी शटडाऊन घेऊन एक रांग फिरवा, म्हणजे दोन्ही रांगा पाठीला पाठ लावून उभ्या राहतील आणि मधे गरम गल्ली तयार होईल. गल्लीची दोन्ही टोकं पीव्हीसी पट्ट्यांच्या पडद्याने बंद करा, वरून मोकळी ठेवा. स्प्लिट एसी वरच्या तोंडाने हवा ओढतो, गरम हवा छताशी गेली की थेट त्याच्याकडे जाईल. दाराला खालून ब्रश, खिडक्या सील. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक लेप.

हे सगळं झाल्यावर मगच एसीचा आकडा वाढवायचा. एका वेळी एक अंश, दिवसभर थांबायचं, प्रत्येक रॅकच्या सर्वात वरच्या सर्व्हरचा इनलेट बघायचा. तो २६ च्या आत राहिला तर पुढे जा. २७ च्या पलीकडे जाऊ नका, तिथून सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोरात फिरू लागतात आणि एसीत वाचवलेली वीज तिकडे जाते.

डब्लिनहून_नितीन:

वरचं सगळं पटलं. मी आयर्लंडमध्ये एका डेटा सेंटरमध्ये ऑपरेशन्सला आहे. इथे वर्षातला बराचसा काळ बाहेरची हवाच पुरते, त्यामुळे कूलिंगवर खर्च फार कमी. तरीही २०२३ मध्ये देशाच्या मीटरवरच्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरांनी वापरली, आणि त्यावरून इथे मोठा वाद आहे. डब्लिनजवळच्या टॅलाटमध्ये अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरमधली वाया जाणारी उष्णता कौन्सिलची इमारत आणि विद्यापीठ गरम ठेवायला वापरतात. सोलापुरात त्या उष्णतेला गिऱ्हाईक नाही, म्हणून ती निर्माणच कमी करणं बरं.

तुमच्या २२ भागिले ११ ला, म्हणजे खोलीची एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज याला, पीयूई म्हणतात, तुमचा २. जगभरच्या सर्वेक्षणांत सरासरी बरीच वर्षं १.६ च्या आगेमागे अडकली आहे. गूगलसारख्या कंपन्या १.१ च्या आसपास सांगतात, पण त्यांची इमारत, सर्व्हर, सगळंच त्या हिशेबाने बांधलेलं असतं. त्यांच्याशी तुलना करू नका. आणि एक बघा, पीयूईला सर्व्हर काही काम करतोय की नुसताच चालू आहे हे समजत नाही. जुने, कुणी न वापरणारे सर्व्हर शोधून बंद करा. तुमच्याकडे तिथला एक वॉट मीटरवर दोन वॉट होऊन वाचतो.

माळशिरस_पाणी:

डक्ट कूलरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. फेसबुकचं ओरेगॉनमधल्या प्राइनव्हिलचं सेंटर २०११ मध्ये सुरू झालं, तिथे बाष्पीभवनावर थंडावा करतात आणि पीयूई १.०७ सांगितला गेला. पण तो थंड, कोरडा, उंचावरचा प्रदेश. आपल्याकडे एक युनिट उष्णता काढायला सुमारे दीड लिटर पाणी वाफ करावं लागतं. ११ किलोवॉट चोवीस तास, म्हणजे रोज चारशे लिटरच्या आसपास. क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी वेगळं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे पतसंस्थेने सर्व्हरसाठी टँकर मागवावा हे मला मान्य नाही. शिवाय पावसाळ्यात कूलरची हवा ओलीचिंब असते, सर्व्हरसाठी एवढी आर्द्रता शिफारशीबाहेर जाते. वर गच्चीवरची धूळ.

सोलापूर_सिस्टिमवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं, आकडे देतो.

लॉग पाहिला. मेमधल्या त्या रात्री वीज खरंच गेली होती, आणि चारपैकी दोन एसी परत सुरूच झाले नव्हते. आता चारही ऑटो रीस्टार्टवर आहेत, मेन स्विच पाडून खात्री केली. काचा काढल्या, जाळीचे दरवाजे बसले. ब्लँकिंग झालं, मागची रांग फिरवली, पडदे लावले. बॅटऱ्या शेजारच्या स्टोअरमध्ये, त्यांना जुना दीड टनी एसी दिला.

न वापरातले सर्व्हर काढल्यावर लोड १०.४ किलोवॉट. एसी २५ वर, चारपैकी तीन चालतात, एक आलटून-पालटून राखीव. सर्वात वरचा इनलेट २५ ते २६. सबमीटर १६ दाखवतो, बॅटरीचा एसी त्यात नाही. म्हणजे महिन्याला चार हजारांवर युनिट कमी. खर्चाचा मोठा भाग जाळीच्या दरवाज्यांचा. बादली शिपाईमामांनी परत झाडांकडे नेली.

आता चेअरमनसाहेब विचारतात, पीएसी मग घ्यायचेच नाहीत का?

ऐरोली_कूलिंग:

वाचून बरं वाटलं. बॅटरीच्या एसीची वीजही हिशेबात धरा, नाहीतर आकडा खरा राहणार नाही. आणि हे पावसाळ्यातलं १६ आहे, सोलापूरचा मे यायचाय. गच्चीचा लेप त्याआधी उरकून घ्या.

पीएसी घ्यायचे, पण सवडीने. स्प्लिट एसी चोवीस तास चालवायला बनवलेले नसतात, दोन-तीन वर्षांत ते दम तोडायला लागतील. तेव्हा दोन घ्या, एकेकट्याने सगळा भार पेलेल असे, आणि दोन्ही एकत्र कमी वेगात चालवा. ईसी पंखा (वेग कमी-जास्त करता येणारा, इलेक्ट्रॉनिक मोटरचा) ८० टक्के वेगावर निम्मीच वीज घेतो, त्यामुळे एक पूर्ण वेगात चालवण्यापेक्षा दोन हळू चालवणं स्वस्त पडतं.

कोटेशनमध्ये तीन गोष्टी लेखी मागा. बाहेर ४५ अंश असताना क्षमता किती, कारण कॅटलॉगमधला आकडा बहुधा ३५ चा असतो. फक्त सेन्सिबल क्षमता किती, म्हणजे नुसती हवा थंड करण्याची; पाणी काढण्यासकट एकूण नव्हे. आणि कंट्रोलचा सेन्सर रॅकच्या तोंडाशी बसवून मिळेल का. आधीच्या कोटेशनमधला आकार तुमच्या जुन्या चार एसींची बेरीज करून काढलेला दिसतो. नवीन कोटेशन १०.४ किलोवॉट, गच्चीची उष्णता आणि पुढच्या वाढीला थोडी जागा एवढ्यावर मागवा, आणि आलं की इथे टाका, मी बघून सांगतो.