क्रूझवरचं राहणं, खाणं आणि बिल : कोल्हापूरकरांचे अनुभव

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झालेत आणि यंदा ओळखीतल्या बऱ्याच घरांत क्रूझचं नाव निघतंय. टूरवाल्यांची माहितीपत्रकं बघावीत तर सगळी एकाच छापाची. त्यावरून कंपनी-कंपनीतला फरक काही कळत नाही. म्हणून जे जाऊन आलेत त्यांनी इथं लिहा. बंदरावर काय पाहिलं ते नको, जहाजावर कसं गेलं ते सांगा : खोली, जेवण, संध्याकाळ, सोबतची माणसं, आणि उतरताना हातात पडलेलं बिल.

सुरुवात माझ्यापासून. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ, घरचे सगळे मिळून. 'एम्प्रेस' हे जहाज 1990 सालचं. आधी रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीकडं होतं, 2021 पासून कॉर्डेलियाच्या नावानं आपल्याकडं फिरतंय. आजच्या अजस्र जहाजांपुढं लहान, पण त्याचा फायदा असा की म्हातारी माणसं हरवत नाहीत. जैन जेवण मिळतं, त्यामुळं सासूबाईंचे डबे उघडलेच नाहीत. रात्री पूलपाशी हिंदी गाणी आणि घोळक्यानं नाच. आम्हाला तेच हवं होतं. पुस्तक घेऊन डेकवर पडायचं असेल त्यांनी दुसरीकडं बघावं.

शिरोली एमआयडीसीतून

आमचा धंदा फौंड्रीचा, त्यामुळं मी आधी जहाज कुणी बांधलं ते बघतो. सिंगापूरहून आम्ही एकदा 'गेंटिंग ड्रीम' या जहाजावर गेलो आणि नंतर रॉयल कॅरिबियनच्या 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज'वर. गंमत म्हणजे दोन्ही जहाजं एकाच कारखान्यातली, जर्मनीत पापेनबुर्गला मायर वेर्फ्टमध्ये बांधलेली. पहिलं 2016 चं, दुसरं 2019 चं. कारखाना समुद्रापासून बराच आत, एम्स नदीच्या काठाला. तयार जहाज नदीतनं हळूहळू समुद्रापर्यंत नेतात. आपल्यालाही समुद्राला जायचं तर घाट उतरायला लागतोय, म्हणून हे मला लई आवडलं.

कारखाना एक, पण आतला कारभार पार वेगळा. गेंटिंगवर सगळा जोर खाण्यावर आणि कॅसिनोवर. भारतीय शाकाहारी जेवण नीट मिळतं, आजूबाजूला चेन्नई-मुंबईची कुटुंबं, कंपन्यांचे डीलर लोक. दोन-तीन रात्रींची सफर, माणसं गप्पा मारायला आलेली. स्पेक्ट्रमवर एका जागी बसायला वेळच नाही. काचेची 'नॉर्थ स्टार' कुपी क्रेनच्या हातावर माणसं घेऊन समुद्रापासून सुमारे 90 मीटर उंच जाते. वाऱ्याच्या नळकांड्यात तरंगायचा खेळ आहे, टक्कर मारायच्या गाड्या आहेत, बारमध्ये यंत्रमानव पेय मिसळून देतात. पोरं पहाटेच उठून तयार. मी क्रेनचा सांधा बघत खाली उभा राहिलो, बायको म्हणाली, "इथं बी कारखानाच!"

चौदा वर्षांच्या आतबाहेरची पोरं असतील तर डोळे झाकून स्पेक्ट्रम. पोरं नसतील तर गेंटिंग बरी, खर्चही आवाक्यात राहतो.

ताराबाई पार्कातून

तिकिटाशिवाय काय-काय द्यावं लागतं, हे आधी विचारत चला. बहुतेक परदेशी कंपन्या टिपचे पैसे माणशी रोजच्या हिशेबानं धरतात. कोल्ड्रिंक, दारू, इंटरनेट यांचं पॅकेज वेगळं. आत रोख चालत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर चढतं आणि शेवटी क्रेडिट कार्डातून जातं. एका कंपनीनं आमच्या बिलात आम्ही कधीच न घेतलेल्या बाटल्या लावल्या होत्या. काउंटरवर सही दाखवा म्हटल्यावर काढल्या. बिल खोलीतल्या टीव्हीवर रोज दिसतं, झोपायच्या आधी नजर टाकावी.

शाहूपुरीतून, निवृत्त शिक्षिका

आम्ही भूमध्य समुद्रात एमएससी आणि कोस्टा या दोन्ही कंपन्यांच्या सफरी केल्या. दोन्हीकडं इटालियन वळण, आणि ते जेवणाच्या वेळेत पहिलं जाणवतं. रात्रीची दुसरी पंगत नऊच्या सुमाराला बसते. आपल्याकडचे ज्येष्ठ तोवर पेंगतात, तेव्हा बुकिंग करतानाच पहिली पंगत मागून घ्या. टेबलावर पाणी बाटलीचं आणि विकतचं.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा, रोमजवळचं चिविताव्हेक्या, अशा प्रत्येक बंदरावर नवी माणसं चढतात आणि कुणाची तरी सफर संपलेली असते. त्यामुळं जहाजावर रोज कुणाचा तरी पहिला दिवस. जिन्यात बॅगा, बुफेला नवखी गर्दी, आणि सूचना एकामागून एक पाच भाषांत. इंग्रजीची पाळी येईपर्यंत मी इटालियनमधले आकडे ओळखायला शिकले. करमणुकीत गाणं, नाच, कसरती यांवर भर, बोलणं कमी. भाषा न येणाऱ्याचं काही अडत नाही. पास्ता उत्तम. भाजी मात्र उकडलेली, लसणाची चटणी पिशवीत असू द्या.

नागाळा पार्कातून

मुलगी सिएटलला असते, तिच्यामुळं अलास्का घडलं. हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस, दोन्ही कंपन्यांचे अनुभव घेतले. इथं घसरगुंड्या वगैरे फार नाहीत. सहप्रवासी बहुतेक साठीच्या पुढचे, दुर्बिणी घेऊन बसलेले. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि हिमनदी समोर असताना ध्वनिक्षेपकावर माहिती सांगतात. हॉलंड अमेरिकेवर त्या वेळी डेकवर गरम वाटाण्याचं सूप वाटतात, ती त्यांची डच परंपरा. दाट, फिकट, वर मांसाचे तुकडे. यजमानांनी खिशातनं कांदा-लसूण मसाल्याची पुडी काढली. शेजारच्या आजींनी वास घेऊन आपला कप पुढं केला, आणि चिमूटभर घातल्यावर डोळ्यांत पाणी येऊनही संपवला!

प्रिन्सेसवर मनगटात किंवा गळ्यात एक मेडल देतात, ते घालून दारापाशी गेलं की कुलूप आपोआप उघडतं. आपण स्वतः कपडे धुवायची यंत्रं आहेत, लांबच्या सफरीत त्यांची किंमत कळते. माझं मत हॉलंड अमेरिकेला, कारण तिथली संध्याकाळ. पियानो, ब्लूज, गप्पा. यजमानांचं मत कुलपाला.

कसबा बावड्यातून

वेंगुर्ल्याहून मुंबईला आगबोटीनं गेलेला माणूस आहे मी. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, बोटीला भिडल्यावर वर चढायचं, डेकवर वळकटी पसरायची. एका कुशीला नारळ, दुसऱ्या कुशीला फणस. तुमचे हे क्रूझचे थाट वाचून मजा वाटली. चालू द्या.

प्रश्न, मंगळवार पेठेतून

आईला गुडघ्यांचा त्रास आहे, गाडीतसुद्धा तिला मळमळतं. भावांनो, कुठली खोली घेऊ? बाल्कनी घेतली तर बरं का?

उत्तर, शिरोलीतून

बाल्कनीचा मळमळीशी संबंध कमी, जागेचा जास्त. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्या, तिथं हेलकावा सगळ्यात कमी. टोकाची किंवा एकदम वरची नको. मधोमध घेतल्यावर लिफ्टही बहुधा जवळ पडते. एजंटकडून डेकचा नकाशा मागवा आणि खोलीचा नंबर बघूनच पैसे भरा. "खोली नंतर मिळेल" असं स्वस्त तिकीट असतं, ते आईंच्या बाबतीत नको. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच द्या, आणि जहाज सुटायच्या आधी.