मदत हवी आहे: फिरत्या शिफ्टमध्ये तालमी कशा बसवायच्या?

राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवतोय. तालीम नाशिकला गंगापूर रोडवर, रात्री आठ ते साडेदहा. नऊ पात्रांपैकी तिघे अंबड-सातपूरच्या कारखान्यांत फिरत्या शिफ्टमध्ये; सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ते येऊच शकत नाहीत. प्रवेशवार तालमी केल्या, गैरहजर नटाच्या जागी प्रॉक्सी म्हणून दुसरा उभा केला. संवाद चोख होतात, पण प्रॉक्सीसोबत बसलेली अंतरं आणि पॉज खऱ्या नटासमोर मोडतात. दुसऱ्या अंकातला पंगतीचा प्रवेश तर दर वेळी नव्याने लावावा लागतो, वाढपी कुठून येतो इथपासून. पात्रं किंवा शिफ्ट बदलणं शक्य नाही. रविवार घरच्यांचा, तो घ्यायचा नाही. रंगीत तालमीआधी पूर्ण संचात किमान किती सलग तालमी लागतात, आणि शिफ्टवाल्या नटांसह त्या तुम्ही कशा बसवता?