दारातला फणस, घरभर चीक: आपापले अनुभव लिहा

बदलापूरला घर बांधलं त्या वर्षी सासूबाईंनी एका कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या, फणसाच्या चार आठळ्या खाल्ल्या त्याच संध्याकाळी कुंपणाशी पुरल्या. तीन उगवल्या, एक जगली. नवव्या वर्षी खोडावर पहिला फणस धरला. मे महिन्यात तो फोडला आणि आत निघाला बरका, मऊ रसाळ गऱ्यांचा! सासरे ताटावरून उठले नाहीत एवढंच, पण "कापा म्हणून लावला होतास ना?" हे पुढची कित्येक वर्षं ते ऐकवत राहिले. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं: "मी आठळी लावली, तुमच्यासारखी हमी नाही दिली."

गेल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. यंदा झाडावर अकरा फणस आहेत. विळीवर बसणाऱ्या त्या. मी आजवर फक्त तेलाची वाटी पुढे करणारी. तर तुमच्याकडे कसा लावतात, कसा फोडतात, काय काय करतात, लिहा. फसलेलंही लिहा.

राजापूर

आठळीच्या झाडाची हमी कुणीच देत नाही, सासूबाई बरोबर होत्या. कापा खाऊन लावलं तर बरका येतो, बरक्याचा कापा येतो, कधी नुसताच पिठूळ गरा येतो. पसंतीचाच फणस हवा तर कलम घ्या. आमच्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण प्रॉलिफिक'ची दोन कलमं आहेत, कापा जातीची. चौथ्या वर्षी फळ दिसलं. आठळीच्या झाडाला सात-आठ वर्षं सहज जातात.

तरी आठळीच लावायची असेल तर ताजी लावा. वाळली की ती उगवत नाही. मी एकदा हौसेने डब्यात महिनाभर जपून ठेवल्या, एकही वर आली नाही. आणि शक्यतो जागेवरच लावा. याचं सोटमूळ पिशवीत वेटोळं घेतं, मग झाड वर्षानुवर्षं रुसून बसतं. पाणी साचणारी जागा तर नकोच. भातखाचराच्या बांधाखाली लावलेलं माझं एक झाड दोन पावसाळ्यांत बसलं.

पुणे, सिंहगड रोड

आमच्या झाडाला पहिल्यांदा बोटाएवढे फणस लागले आणि पंधरा दिवसांत काळे पडून, बुरशी येऊन गळले. मी घाबरून दोनदा बुरशीनाशक मारलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. झाडाला रोग आहे का?

गुहागर

रोग नाही हो, ती नर फुलं. एकाच झाडावर नर आणि मादी अशी दोन्ही येतात. नराचं काम झालं की ते काळं पडतं, बुरशी धरतं आणि गळतं. मादीचा देठ जाड असतो आणि देठाशी कंगोऱ्यासारखं कडं असतं. तेवढ्यावर लक्ष ठेवा. कोवळ्या झाडाला पहिली एक-दोन वर्षं नुसते नरच येतात, असंही होतं. औषधाचे पैसे वाचवा, शेण घाला.

कुडाळ

आजोबा फणस काढायच्या आधी बोटाच्या पेराने वाजवून बघत. कच्चा 'टण' वाजतो, तयार झालेला 'डब'. आम्ही पोरं रंग बघून "हा पिकला" म्हणायचो, की ते ओरडत, "कानान बघ मेल्या, डोळ्यान नाय!" वाजवण्याखेरीज काटे बघायचे: जून फणसाचे काटे एकमेकांपासून लांब जातात आणि बोथट होतात.

फणस दोर बांधूनच उतरवायचा. वरून टाकलेला फणस आपटलेल्या बाजूने कुजतो. यंदा मात्र वाजवून बघायची वेळच आली नाही. वानरांनी कोवळे असतानाच निम्मे फोडले. दोडामार्गात माझ्या बहिणीच्या सासरी तर हत्ती येतात. फणसाचा वास आला की बाग, कुंपण काही बघत नाहीत. तिचे दीर म्हणतात, "वानर परवडलं, ते निदान झाड ठेवतं."

रत्नागिरी

बरका निघाला म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांदणं वाढायची नाहीत, असा आमच्या आईचा नियम होता. कापा खायला, बरका करायला.

कृती लिहिते. गऱ्यांतल्या आठळ्या काढायच्या आणि गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर हाताने घासून रस काढायचा. मिक्सरला लावू नका. तंतू बारीक होऊन रसात उतरतात आणि सांदण चिवट होतं. दोन वाट्या रसाला दोन वाट्या तांदळाची कणी, तीही कोरडी, हलकीशी भाजून. गूळ वाटीभर, पण फणस चाखून कमीजास्त करायचा. चिमूटभर मीठ, मूठभर ओलं खोबरं. चार-पाच तास झाकून ठेवलं की कणी रस पिते. मग इडलीपात्राच्या वाट्यांना तूप लावून वीस मिनिटं वाफवायचं. आई वाटीच्या तळाशी हळदीचं पान घालायची. आता मी पुण्याला मुलीकडे करते तेव्हा पान नसतं, पण चालतं.

खायची नारळाच्या दुधाबरोबर. दूध गोड करायचं नाही, नुसतं मीठ घालायचं. यावर आमच्याकडे भांडणं होतात. माझ्या वहिनी त्यात गूळ घालतात. त्यांचं माहेर वेगळं, काय बोलणार.

एकदा कणी संपली म्हणून बाजारचा इडली रवा न भाजता घातला. पात्र उघडलं तर लगदा! तो लगदा तव्यावर थापून घावन म्हणून वाढला. पाहुण्यांनी नाव विचारलं, मी काहीतरी सांगून टाकलं.

नागपूर

तुमचं गरे, सांदण वाचून मजा वाटते. आमच्याकडे पिकलेला फणस लहानपणी कुणी बघितलाच नाही. फणस म्हणजे भाजी, तीही मसालेदार. बाजारात भाजीवाला तेल लावलेल्या कोयत्याने साल काढून, तुकडे करून देतो. त्याचे थोडे जास्त पैसे घेतो आणि ते द्यावेच. तुकडे हळद-मीठ लावून आधी तेलात लालसर तळायचे, मग कांदा, सुकं खोबरं आणि खसखस भाजून केलेल्या वाटणाच्या रश्श्यात सोडायचे. ज्या घरात मटण शिजत नाही, त्या घरात याच भाजीवर सगळे तुटून पडतात.

लग्न होऊन चिपळूणची जाऊबाई आली. तिने पहिल्या वर्षी कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी केली: शिजवून ठेचलेली, वाल घातलेली, वरून ओलं खोबरं आणि गुळाचा खडा. सासरे म्हणाले, "छान आहे, पण भाजी कधी वाढणार?" आता दोन्ही होतात. फोडणीत लसूण घालायचा की हिंग, यावर अजून तोडगा नाही.

फोंडा, गोवा

आमच्याकडे बरक्याला रसाळ म्हणतात आणि काप्याला कापो. आठळ्यांना बिकणां. रसाळाचं साठ, म्हणजे रसाची वाळवलेली पोळी, घालायचं काम माझं आणि आत्येचं. सुपाला तूप लावून रस पसरायचा, उन्हात वाळला की त्यावर दुसरा थर. मेच्या शेवटी ढग आले की आत्ये सूप घेऊन अंगणातून आत, आतून अंगणात.

बिकणां धुऊन, सावलीत सुकवून, मातीत घोळवून मडक्यात ठेवतो. पावसात मासे मिळत नाहीत तेव्हा तीच आमटीत जातात. चुलीच्या निखाऱ्यात भाजलेलं बिकण आणि मिठाचा खडा, बाहेर धो धो पाऊस. पण भाजायच्या आधी सुरीने टोचा. आमच्या भावाने एकदा तशीच टाकली, फटाका वाजला आणि राख थेट आजीच्या चहात.

ठाणे

तेल. हाताला, विळीला, जमिनीला, सगळ्यांना. आणि खाली वर्तमानपत्र नको, गोणपाट घाला; कागद चिकाला चिकटतो आणि बातम्या गऱ्यांवर उमटतात. चीक लागलाच तर पाण्याखाली हात धरू नका. आधी खोबरेल चोळा, मग साबण. हे मी लिफ्टच्या बटणाला चीक लावून शिकले.

न्यू जर्सी

इथल्या भारतीय दुकानात मेक्सिकोतून आलेला फणस कापून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मिळतो. वटपौर्णिमेच्या वाणाला दोन गरे हवेत म्हणून मी पाच पौंडांचा तुकडा आणते, आणि नवरा दर वर्षी हिशेब काढतो की एक गरा कितीला पडला.

भाजीसाठी डब्यातला कोवळा फणस बरा. पण डबा वाचून घ्या. मिठाच्या पाण्यातला हवा. साखरेच्या पाकातला दिसायला तसाच असतो. एकदा पाकातला घेऊन त्याची कुयरीची भाजी केली. तीनदा धुतला, तरी भाजी लग्नाच्या पंगतीतल्या गोडासारखी. मुलाने आईस्क्रीमबरोबर खाल्ली.

बदलापूरहून पुन्हा

सगळं वाचून रविवारी पहिला फणस काढला. वाजवला, 'डब' वाजला असं मला तरी वाटलं. सासरे खुर्ची घेऊन अंगणात बसले. गोणपाट, खोबरेल, कोयता. देठ कापल्यावर गळणारा चीक मी काडीवर गुंडाळून घेतला. सासूबाई तसं करायच्या, हे हात चालू लागल्यावर आठवलं. एक तास लागला. चारखंडं, म्हणजे उरलेली सालं, शेजारच्या गोठ्यात दिली.

रत्नागिरीच्या ताई, सांदणं केली, चाळणीवर घासूनच. पहिला घाणा मधे कच्चा राहिला, दुसरा जमला. सासऱ्यांनी चार खाल्ली. म्हणाले, "कापा असता तर हे झालं नसतं." मग उठून झाडाखाली गेले आणि उरलेले दहा वाजवून बघत बसले. दोन म्हणे बुधवारपर्यंत तयार होतील. एवढा रस फ्रीजरमध्ये गूळ घालून ठेवायचा की तसाच, कुणी सांगेल का?